रॅम्प झाला, मशीन आली, आणि भाऊ पाणीच पीत नव्हता : एका जिमचं प्रकरण

हे प्रकरण खरं आहे, पण माणसं, गाव, जिम कशाचंच नाव देत नाहीये. ज्यांच्याबद्दल लिहितेय त्यांना विचारून लिहितेय. आमच्या हातून एक मोठी चूक झाली ती सगळ्यात सविस्तर लिहिलीय, कारण जिम सुगम, म्हणजे दिव्यांगांनाही वापरता येईल अशी, करायला निघालेले बरेच जण नेमके तिथंच चुकतात असं मला आता दिसायला लागलंय.

पार्श्वभूमी

मी फिजिओथेरपिस्ट आहे, पश्चिम महाराष्ट्रातल्या एका मध्यम शहरात क्लिनिक चालवते. माझ्याकडं एक पेशंट येत होता, वय 34, बाईकच्या अपघातात मणक्याला मार बसलेला, टी-10 लेव्हलची इजा. म्हणजे साधारण बेंबीच्या खाली संवेदना नाही आणि पायांत ताकद नाही, हात मात्र एकदम चांगले, पोटाच्या स्नायूंवर थोडाफार ताबा. व्हीलचेअर वापरतो. त्याला सगळे भाऊच म्हणतात, मीपण तेच लिहिते.

अपघाताला अडीच वर्षं झाली होती. क्लिनिकमध्ये जेवढं करता येण्यासारखं होतं ते करून झालं होतं, आता त्याला ताकद वाढवायची होती आणि माझ्याकडं थेराबँड, म्हणजे ताणायच्या रबरी पट्ट्या, आणि पाच किलोपर्यंतचे डंबेल, बास. व्हीलचेअर वापरणाऱ्याचे खांदे हेच त्याचे पाय असतात. पलंगावरून खुर्चीत, खुर्चीतून कमोडवर, खुर्चीतून गाडीत, दिवसभर सगळं वजन खांद्यांवर. त्यात चाक ढकलून ढकलून छातीचे आणि खांद्याच्या पुढचे स्नायू आखडतात, पाठीचे कमजोर राहतात आणि मग खांदा दुखायला लागतो. ज्याचे पाय चालतात त्याचा खांदा दुखला तर तो चार दिवस हात गळ्यात बांधून फिरेल, भाऊचा खांदा गेला तर भाऊ पलंगावर. म्हणून त्याला ओढायचे व्यायाम, रोइंग, केबल, हे सगळं वजन वाढवत वाढवत पाहिजे होतं आणि ते जिममध्येच मिळतं.

घरच्यांचं म्हणणं होतं की ट्रेनरला घरी बोलवू, दोन मशीन घेऊ. भाऊ म्हणाला, "मॅडम, मला मशीन नकोय, मला घराबाहेर पडायचंय." हे वाक्य मी मुद्दाम इथं लिहितेय, कारण पुढं प्रत्येक वेळी पर्याय तोलताना आम्ही याच वाक्यापाशी परत आलो.

जिम आमच्या क्लिनिकपासून दोन गल्ल्या सोडून. एका हौसिंग सोसायटीच्या खाली दुकानांचे गाळे आहेत, त्यातले दोन गाळे एकत्र करून केलेली. खाली रिसेप्शन, ट्रेडमिल, सायकली. वर मेझनीनला, म्हणजे पोटमाळ्यावर, वेट्स आणि केबल मशीन, म्हणजे भाऊला पाहिजे ते सगळं वरच. जिमवाले दादा स्वतः कुस्तीतले, वडिलांची तालीम होती. मी विचारल्यावर एका शब्दात हो म्हणाले, फी पण निम्मी करतो म्हणाले. भाऊनं फी पूर्ण देणार म्हणून सांगितलं आणि पहिल्याच दिवशी दिली.

अडचण

रस्त्यापासून जिमच्या ओट्यापर्यंत तीन पायऱ्या, प्रत्येकी सहा इंच, म्हणजे दीड फूट. पहिला आठवडा जिममधली चार पोरं खुर्चीसकट उचलून आत घ्यायची. प्रेमानंच करायची. पाचव्या दिवशी एका पोराचा पाय ओल्या पायरीवरून घसरला, खुर्ची कलंडली, बाकीच्यांनी धरली म्हणून कुणाला लागलं नाही. दुसऱ्या दिवसापासून भाऊ आला नाही. मी फोन केला तर म्हणाला, मी पडलो असतो तर त्या पोराला आयुष्यभर वाटत राहिलं असतं, ते मला नको.

मग मी आणि दादा टेप घेऊन बसलो. पायऱ्या तर दिसत होत्याच, पण मोजायला लागलो तसं एकेक निघत गेलं. काचेचा दरवाजा बाहेर उघडणारा आणि जड. आत रबरी मॅटचे जोड सुटून कडा वर आलेल्या, त्यात व्हीलचेअरची पुढची छोटी चाकं अडकतात. दोन ट्रेडमिलच्या मधून जायला जेमतेम दोन फूट, भाऊची खुर्ची 25 इंच. डंबेल वरच्या मजल्यावर. टॉयलेट जिन्याखाली, दोन फुटाचं दार, चार इंचाची पायरी, आत भारतीय भांडं. हे टॉयलेट आम्ही यादीत लिहिलं आणि पुढं "नंतर" असं लिहिलं. त्या "नंतर"बद्दल खाली सांगते.

दादांचा पहिला प्रश्न प्रामाणिक होता, एका माणसासाठी एवढं? आणखी येणार कोण? मी त्यांना मुरलीकांत पेटकरांची आठवण करून दिली. सांगली जिल्ह्यातल्या पेठ इस्लामपूरचे, 1965 च्या युद्धात गोळ्या लागल्या, उपचाराचा भाग म्हणून पोहायला लागले आणि 1972 ला हायडेलबर्गला भारताचं पहिलं पॅरालिंपिक सुवर्ण आणलं. आणि अगदी अलीकडं, 2024 ला पॅरिसमध्ये गोळाफेकीत रौप्य मिळवणारा सचिन खिलारी, तोही सांगली जिल्ह्यातलाच. दादांना खिलारी माहीत होता, पेटकर अर्धवट माहीत होते. पण भाऊ शेजारीच बसला होता, तो म्हणाला, दादा मला मेडल नकोय, मला रात्री कुणाला न उठवता पलंगावरून खुर्चीत जायचंय. माझ्या सगळ्या भाषणापेक्षा हे वजनदार होतं. मेडलवाल्यांची उदाहरणं देऊन आपण नकळत अट घालतो की दिव्यांग माणूस जिममध्ये येणार तर काहीतरी भारी करूनच दाखवला पाहिजे. बाकी मेंबर तर पोट कमी करायला पण येतात.

पर्याय काय काय होते

पायऱ्यांसाठी पाच गोष्टींवर बोलणं झालं.

कॉन्ट्रॅक्टर बघायला आला आणि दोन मिनिटांत म्हणाला सहा फुटांत बसवतो. दीड फूट चढ सहा फुटांत म्हणजे चारास एक. दुकानासमोर स्कूटर चढवायला असा उतार सगळीकडं दिसतो, म्हणून लोकांना रॅम्प म्हणजे तोच वाटतो. त्यावरून व्हीलचेअर स्वतः ढकलत चढवणं सोडाच, मागं उलटायची भीती, आणि उतरताना थेट रस्त्यावर. केंद्राच्या सुगम इमारतींबद्दलच्या 2021 च्या मार्गदर्शक तत्त्वांमध्ये बारास एक सांगितलंय, म्हणजे एक इंच चढायला बारा इंच लांबी. दीड फुटाला अठरा फूट. कॉन्ट्रॅक्टरला वाटलं मी चुकून बोलतेय.

ॲल्युमिनियमचा घडीचा रॅम्प. दोन पायऱ्यांपर्यंत ठीक असतो, पण दीड फुटाला योग्य उतार पाहिजे तर तोपण अठरा फुटाचाच लागणार, आणि रोज काढून लावणार कोण? भाऊनं खाली थांबून हाका मारायच्या आणि आत गाणी मोठ्यानं चालू. हा बाद.

प्लॅटफॉर्म लिफ्ट, म्हणजे खुर्चीसकट वर नेणारी छोटी लिफ्ट. जागा कमी लागते हा मोठा फायदा. पण किंमत, मेंटेनन्स, उघड्यावर पावसात, आणि लाईट गेली की माणूस मध्येच. दादा यावर बराच वेळ अडून होते कारण ती दिसायला चांगली होती. मी म्हटलं, सिमेंटच्या रॅम्पला लाईट लागत नाही.

चौथा, जसं चाललंय तसं, उचलून. काही मेंबरांना खरंच वाटत होतं की आम्ही असताना रॅम्प कशाला. भाऊनं स्वतः नाही म्हटलं, विषय संपला.

पाचवा, ओट्याला चिकटून भिंतीला समांतर अठरा फुटाचा रॅम्प. यात अडचण अशी की तो शेजारच्या मेडिकल स्टोअरच्या पुढून सुरू करावा लागणार होता आणि ती जागा सोसायटीची, तिथं टू-व्हीलर लागतात.

निर्णयाची पहिली जागा : कायदा दाखवायचा का समजावायचं

सोसायटीच्या कमिटीनं पहिल्यांदा नाही म्हटलं. पार्किंग जाईल, उद्या प्रत्येक गाळेवाला बांधकाम करेल, वगैरे. मी चिडले होते आणि कायदा छापून फाईल करून ठेवली होती. दिव्यांग व्यक्ती हक्क अधिनियम 2016, एप्रिल 2017 पासून लागू. त्याच्या कलम 46 मध्ये स्पष्ट आहे की सेवा देणारे सरकारी असोत की खाजगी, त्यांनी सुगम्यतेच्या नियमांप्रमाणे सेवा द्यायची, नियम निघाल्यापासून दोन वर्षांत. नियम जून 2017 ला निघाले, म्हणजे ती मुदत 2019 लाच संपली. शिवाय नोव्हेंबर 2024 मध्ये सुप्रीम कोर्टानं सांगितलं की 2017 च्या नियमांतला नियम 15 मार्गदर्शक तत्त्वं नुसती शिफारस असल्यासारखी मांडतो, हे कायद्याला धरून नाही, आणि सक्तीचे किमान निकष तीन महिन्यांत ठरवा असं केंद्राला बजावलं.

म्हणजे बाजू आपली होती. पण भाऊ म्हणाला, मला तिथं रोज जायचंय, ज्यांच्याशी भांडून रॅम्प घेतला त्यांच्याच दारातून रोज जायचं. म्हणून फाईल मी पिशवीतच ठेवली आणि आम्ही पार्किंगचा प्रश्न पार्किंग म्हणूनच सोडवला. दादांच्या दोन गाळ्यांना टू-व्हीलरच्या चार जागा मिळालेल्या होत्या, त्या त्यांनी लेखी सोडल्या. मेडिकलवाले काका स्वतः मीटिंगला आले आणि म्हणाले, माझी निम्मी गिऱ्हाईकं म्हातारी, पायरीखाली उभी राहून चिठ्ठी वर देतात, रॅम्प माझ्यापण कामाचा आहे, खर्चात मी पण. तिथं कमिटीचा सूर बदलला. ठराव झाला, आणि ठरावात एक ओळ आम्ही आग्रहानं घालून घेतली की रॅम्पच्या तोंडाशी गाडी लावायची नाही.

फाईल न काढणं बरोबर होतं का? इथं होतं. पण हे मेडिकलवाल्या काकांमुळं जमलं, आणि प्रत्येक इमारतीत असे काका नसतात. काका नसते तर मी फाईल काढली असती आणि काढायलाच पाहिजे होती. समजावणं आधी करून बघायचं, पण किती महिने याची मुदत स्वतःशी ठरवून.

काय केलं

रॅम्प अठरा फुटाचा, चार फूट रुंद, दोन्ही बाजूला दोन उंचीवर कठडे, कडेला चाक घसरू नये म्हणून चार इंचाचा बुटका बांध. कॉन्ट्रॅक्टरला वर पॉलिश ग्रॅनाईट लावायचा होता, पावसाळ्यात काय होईल ते सांगून खरबरीत चेकर्ड टाइल लावून घेतली. तो जुन्या पायऱ्या तोडून टाकणार होता, तेवढ्यात जिममध्ये येणाऱ्या एक बँकेतल्या ताई मध्ये पडल्या. त्यांना लहानपणी पोलिओ झालेला, पायाला कॅलिपर, म्हणजे आधाराची पट्टी, लावून चालतात, इतकी वर्षं दंड धरून कुणाच्या तरी आधारानं चढत होत्या आणि कधी बोलल्या नव्हत्या. त्या म्हणाल्या मला उतारावर कॅलिपरनं चालणं जास्त अवघड, मला पायऱ्याच पाहिजेत, फक्त धरायला काहीतरी द्या. मी फिजिओ असून मला हे सुचलं नव्हतं. माझ्या डोक्यात सुगम म्हणजे व्हीलचेअर एवढंच बसलेलं. पायऱ्या ठेवल्या, दोन्ही बाजूला कठडा लावला, पायरीच्या कडेला पिवळी पट्टी मारली.

तरी रॅम्पमध्ये एक चूक झालीच. वर पोचल्यावर दरवाजासमोर पाच फूट सपाट जागा पाहिजे होती, कॉन्ट्रॅक्टरनं तीनच ठेवली. भाऊ पहिल्यांदा चढला, एका हातानं दार ओढायला गेला, दार बाहेर येतंय म्हणून खुर्ची मागं घ्यावी लागली आणि मागची चाकं उतारावर. मी मागं उभी होते म्हणून बरं. सिमेंट तोडायचं का दार बदलायचं, तर दार बदललं, आत सरकणारं केलं. तेच आधी केलं असतं तर पैसे वाचले असते.

आतली मांडणी बदलताना खरा वाद झाला. वरची केबल मशीन आणि डंबेल खाली आणायचे आणि सायकली वर न्यायच्या असं ठरलं. वर आरशासमोर वर्षानुवर्षं डंबेल मारणारी सकाळची बॅच नाराज. दादांनी त्यांना सरळ सांगितलं, तुम्ही जिना चढू शकता, सायकलपण वर चढू शकते, भाऊ चढू शकत नाही. पंधरा दिवस कुरबुर झाली, नंतर तीच पोरं भाऊच्या शेजारी डंबेल मारायला लागली.

केबल मशीन म्हणजे दोन्ही बाजूच्या पुली खालीवर करता येतात ती. व्हीलचेअरवाल्यासाठी याच्याइतकी उपयोगी मशीन दुसरी नाही, कारण हिला स्वतःची सीट नसते, खुर्ची सरळ मध्ये घ्यायची, ब्रेक लावायचे आणि रोइंग, पुलडाऊन, खांद्याचे बारीक व्यायाम सगळं होतं. चेस्ट प्रेसच्या मशीनला सीट फिक्स असते, तिच्यावर सरकून बसावं लागतं आणि बाजूला खुर्ची लावायला जागा लागते. अमेरिकेत सुगम्यतेच्या 2010 च्या निकषांमध्ये प्रत्येक प्रकारच्या किमान एका मशीनशेजारी 30 बाय 48 इंचाची मोकळी जागा सांगितलीय, ते माप आम्ही उचललं आणि जमिनीवर पिवळ्या रंगानं आखून टाकलं. आखल्यामुळं तिथं प्लेटा पडायच्या बंद झाल्या. बेंच खुर्चीच्या सीटच्या उंचीचं, साधारण 18 इंच, म्हणजे सरकताना चढ नको. छातीला बांधायला रुंद पट्टा, कारण टी-10 ला धड पूर्ण सावरत नाही आणि जोरात ओढलं की माणूस पुढं येतो. कार्डिओसाठी सर्जिकलच्या दुकानात मिळणारी छोटी पेडल मशीन टेबलाला घट्ट बसवली, हातानं फिरवायची. महागडी हँड-सायकल घ्यायची गरज पडली नाही.

ट्रेनरांना मी दोन संध्याकाळी शिकवलं. न विचारता खुर्चीला हात लावायचा नाही. दर पंधरा-वीस मिनिटांनी भाऊनं हातावर उचलून बूड हलकं करायचं, सेट चालू असला तरी, कारण खाली संवेदना नाही आणि दाबाची जखम झाली तर महिनोन्महिने जातात. जेवढं ढकलायचं त्याच्यापेक्षा जास्त ओढायचं. आणि बोलायचं भाऊशी, माझ्याशी नाही. हे शेवटचं त्यांना सगळ्यात अवघड गेलं, पहिला महिना ते मलाच विचारायचे, मॅडम यांना किती किलो लावू.

निर्णयाची दुसरी जागा : "नंतर"

आता ते टॉयलेट. यादीत होतं, पण पैसे संपत आले होते, आणि दादांनी विचारलं की टॉयलेट आधी करायचं का केबल मशीन दुरुस्त करून खाली आणायची. मी म्हटलं मशीन. माझा हिशोब असा की भाऊ दीड तासच येणार, घरून जाऊन येईल, मेंबर दिसायला लागले की पैसे येतील मग टॉयलेट. हा निर्णय माझा होता.

भाऊ चार आठवडे नियमित आला, मस्त चाललं होतं, वजनं वाढत होती. पाचव्या आठवड्यात ताप, थंडी, लघवीचं इन्फेक्शन. डॉक्टरांनी विचारलं पाणी किती पिता, तर कळलं की जिमचा दिवस असला की तो दुपारपासूनच पाणी बंद करायचा. संध्याकाळी जिम, येणंजाणं धरून तीन-चार तास, तिथं जायची सोय नाही, मग पोटात पाणीच नको. उन्हाळ्याचे दिवस, वर व्यायाम, घाम, आणि घोटभर पाणी नाही. मी समोर उभी राहून त्याला सेट मोजत होते आणि त्याच्या बाटलीकडं माझं कधी लक्ष गेलं नाही. मणक्याच्या इजेच्या पेशंटना भरपूर पाणी प्या म्हणून मी रोज सांगते. त्यानं मला का सांगितलं नाही असं मी विचारलं तेव्हा तो म्हणाला, एवढं सगळं केलंय तुम्ही, अजून काय मागू.

हे वाक्य ऐकल्यावर मला काय वाटलं ते लिहिता येणार नाही. पण कामाच्या दृष्टीनं बघितलं तर यातून एकच कळतं, की आपण विचारल्याशिवाय माणूस सांगत नाही, आणि "काही अडचण आहे का" असं मोघम विचारलं तर "नाही" असंच येतं. विचारायचं असतं, पाणी कधी पिलास, लघवीला कुठं गेलास.

भाऊ ठराविक तासांनी कॅथेटर, म्हणजे बारीक नळी, घालून लघवी करतो. त्यासाठी नुसतं रुंद दार पुरत नाही, स्वच्छ हात धुता आले पाहिजेत, सामान ठेवायला कोरडी फळी पाहिजे, वापरलेलं टाकायला झाकणाचा डबा पाहिजे, आणि उजेड पाहिजे. भाऊ बरा होऊन परत यायच्या आत टॉयलेट करायचं असं दादांनी ठरवलं. सप्लिमेंटचे डबे ठेवायची खोली मोडली आणि तिथं केलं. केंद्राच्या तत्त्वांतलं माप मोठं आहे, आम्हाला साडेपाच बाय सात फूट मिळालं, आत खुर्ची पूर्ण गोल फिरत नाही, पुढंमागं करून वळते. म्हणजे पूर्ण निकषात बसत नाही, हे मान्य करूनच केलं. या वेळी भाऊला व्हिडिओ कॉल लावून प्रत्येक गोष्ट त्याच्याकडून ठरवून घेतली. सरकतं दार तीन फुटाचं, उंबरा नाही, कमोड 18 इंचावर, जेट बसल्या जागेवरून हाताला येईल असा, बेसिनखाली मोकळं म्हणजे गुडघे आत जातात.

ग्रॅब बार, म्हणजे आधाराला धरायचे दांडे, पहिल्यांदा मिस्त्रीनं साडेचार इंची भिंतीत साध्या प्लगवर लावले. मी माझं सगळं वजन टाकून ओढून बघितलं तर हलले. टॉवेलचा दांडा आणि ग्रॅब बार यात फरक असतो, याच्यावर 70-80 किलोचा माणूस लटकतो. मग भिंतीतून आरपार बोल्ट, पलीकडून लोखंडी पट्टी. ज्यांना करून घ्यायचंय त्यांनी पैसे देण्याआधी स्वतः लटकून बघा.

परिणाम

आता दीड वर्ष होत आलं. भाऊ आठवड्यातून चार दिवस येतो, साईडव्हील लावलेल्या स्कूटरवर, एकटा. पाण्याची बाटली पूर्ण संपवून जातो, मी अजून बघते. खांद्याचं दुखणं बरंच कमी झालंय, पलंग ते खुर्ची आता कुणाला न उठवता होतं. बँकेतल्या ताई कठडा धरून एकट्या वर येतात आणि टॉयलेटमधले बार त्यांना भाऊपेक्षा जास्त उपयोगी पडतात असं त्याच म्हणतात. मेडिकलवाल्यांची म्हातारी गिऱ्हाईकं रॅम्पवरून वर येतात. गुडघ्याचं ऑपरेशन झालेल्या दोन आजी सकाळी दहाला, गर्दी नसते तेव्हा यायला लागल्यात. रॅम्प, दार आणि टॉयलेट सगळं मिळून खर्च दादांच्या एका चांगल्या ट्रेडमिलच्या किमतीच्या आतच बसला.

डोळ्यांनी कमी दिसतं अशी कॉलेजची एक मुलगी पण आली होती. तिच्यासाठी ट्रेडमिलच्या स्टार्ट आणि स्टॉप बटणावर फुगीर टिकल्या चिकटवल्या, पण नवीन ट्रेडमिलला बटणंच नाहीत, सगळा टच स्क्रीन, तिथं टिकली लावून काही कळत नाही, म्हणून जुनी ट्रेडमिल विकायची नाही असं ठरलं. तिला सगळ्यात जास्त त्रास कशाचा, तर जमिनीवर पडलेल्या डंबेलचा आणि मोठ्या गाण्यांचा, कारण ती आवाजावर चालते. डंबेल बऱ्यापैकी जागेवर जायला लागले, गाणी कमी झाली नाहीत. तीन महिन्यांनी तिनं यायचं बंद केलं. तिनं कारण क्लासची वेळ सांगितलं, मला ते अर्धवटच खरं वाटतं, आणि हे आमचं अपयश म्हणूनच मी इथं नोंदवतेय.

बाकी रोजच्या कटकटी आहेत. रॅम्पच्या तोंडाशी अजून आठवड्यातून एकदा तरी कुणीतरी गाडी लावतं. टॉयलेटमध्ये मोकळी जागा दिसली की सफाईच्या मावशी बादली आणि मॉप ठेवतात, त्यांचंही बरोबर, त्यांना दुसरी जागाच दिली नव्हती. जिन्याखालचं जुनं टॉयलेट काढून तिथं त्यांना कप्पा करून दिला तेव्हा थांबलं.

परत करायचं झालं तर

टेप घेऊन बसायच्या आधी भाऊला आणि ताईंना बरोबर घेऊन रस्त्यापासून सुरुवात केली असती. गाडी कुठं लावणार, दारापर्यंत कसं येणार, बॅग कुठं ठेवणार, पाणी कुठं पिणार, लघवीला कुठं जाणार, मशीनवर कसं बसणार, घरी कसं जाणार, असा एका माणसाचा पूर्ण दिवस चालून बघितला असता. आम्ही वस्तूंची यादी केली, रॅम्प, दार, मशीन, आणि यादीत कुठलीही वस्तू खाली ढकलता येते. माणसाचा दिवस चालून बघितला असता तर मधला टप्पा गाळताच आला नसता.

पैसे कमी असते तर क्रम असा ठेवला असता, आधी आत येणं आणि टॉयलेट, मशीन सगळ्यात शेवटी. मशीन नसली तर थेराबँड खांबाला बांधूनपण महिनाभर चांगला व्यायाम करून घेता येतो. टॉयलेटला असा पर्याय नाही.

कॉन्ट्रॅक्टरला तोंडी न सांगता कागदावर माप काढून दिलं असतं, वरच्या सपाट पाच फुटांसकट, आणि सिमेंट ओतायच्या आधी जमिनीवर खडूनं आखून भाऊला त्यावरून खुर्ची फिरवायला लावली असती. अर्ध्या तासाचं काम होतं.

मेझनीन मात्र अजून तसाच आहे. तिथं आता रविवारी योगाची बॅच सुरू झालीय आणि भाऊनं मागच्या आठवड्यात दादांना विचारलं की ती खाली घेता येईल का. "अजून काय मागू" म्हणणारा माणूस स्वतःहून मागायला लागलाय याचा मला फार आनंद झाला. खाली जागा करायची तर चार ट्रेडमिल दर रविवारी भिंतीकडं सरकवाव्या लागतील, त्यांना चाकं आहेत, पण वायरिंग आडवं येतंय. येत्या बुधवारी वायरमन बघायला येणार आहे, आणि या वेळी भाऊपण तिथं असणार आहे.